चार दिवस तेच पान

पाहुणी: टॉवेल ओला आहे आणि साबण कोरडा. कालपासून.

यजमान: कुठला साबण?

पाहुणी: बाथरूममधला गुलाबी. काल संध्याकाळी मी आले तेव्हाही तो डबीत कोरडाठाक होता, आताही तसाच आहे. त्याच्या वर टांगलेला टॉवेल मात्र पिळून काढावा इतका ओला. तुम्ही म्हणालात, बायको सकाळीच अंघोळ करून बाहेर पडली. या बाई साबण न लावताच अंघोळ करतात की काय?

यजमान: घाईत असेल.

पाहुणी: काल म्हणालात, डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपली. आज म्हणताय, उजाडताच शाळेच्या हॉलवर मदतीला गेली. त्यांच्या चपला दाराशी आहेत.

यजमान: दोन जोड आहेत तिच्याकडे.

पाहुणी: दाराशी दोन्ही आहेत.

यजमान: चहा टाकू का अजून?

पाहुणी: बसा हो तुम्ही. मी काही पोलीस नाही. गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड असते, एवढंच. अशा साहित्य महोत्सवांच्या निमित्ताने आजवर चाळीसेक घरांत राहिले असेन. लहान गावात लॉज नसतो, मग समिती आम्हाला घराघरांत वाटून टाकते. कुठे भांडणं ऐकली, कुठे जागरणं केली, एका घरी तर माझ्याच पुस्तकावर टेबलाचा पाय टेकवलेला पाहिला. घरात बाई असल्याचं सोंग करणारं घर मात्र पहिल्यांदाच बघते आहे. कुठे आहेत त्या?

यजमान: बहिणीकडे.

पाहुणी: कधी येणार?

यजमान: गावात सांगितलंय की गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महोत्सवापर्यंत येईल.

पाहुणी: आणि खरं काय?

यजमान: गुडघा ठणठणीत आहे तिचा. चार महिने झाले. येणार नाही असं सांगून गेली आहे.

पाहुणी: मग हे टॉवेल भिजवणं कोणासाठी? माझ्यासाठी?

यजमान: समितीच्या फॉर्मवर रकाना असतो, घरात माणसं किती, कोण कोण. पाहुणी बाई असेल तर घरात बाई पाहिजेच, असा त्यांचा नियम आहे. एकट्या पुरुषाच्या घरी देत नाहीत. बरोबरही आहे म्हणा. मी दोघं लिहिली. गुरुवारी ग्रंथपालबाई खोली बघून गेल्या, महोत्सवाचं सगळं त्याच बघतात. त्यांना म्हटलं, उद्याच्या गाडीने पोचतेय ही. मग काल तुम्ही आलात. आता तुम्हाला खरं सांगावं तर तुम्ही पिशवी उचलून दुसरीकडे जाणार. म्हणून तिला झोपवलं.

पाहुणी: चोराच्या मनात चांदणं. मी टॉवेलाकडे बघितलंही नसतं, तुम्ही इतका निथळता ठेवला नसता तर.

यजमान: तोटी जरा जास्तच सोडली गेली.

पाहुणी: ग्रंथपालबाई काल म्हणाल्या, तुम्ही माझं नाव मागून घेतलंत. दुसरा कोणी नको, याच बाई हव्यात. मी म्हटलं, चला, एक वाचक तरी निघाला या गावात.

यजमान: वाचक ती. मी चष्मे करतो. चौकात दुकान आहे. अर्धं गाव माझ्या काचांतून वाचतं, मी स्वतः नंबराच्या चिठ्ठीपलीकडे काही वाचलं नव्हतं. तुमची सातही पुस्तकं तिची. खाकी कव्हरं घातलीत, बघा त्या फळीवर. मला वाटलं, तुम्ही आपल्या घरी उतरताय म्हटल्यावर ती येईल. दोन दिवस तरी. कार्यक्रमपत्रिका पाठवली टपालाने. तुमच्या नावाखाली रेघ मारली आणि लिहिलं, या आपल्याकडे उतरणार आहेत. काल संध्याकाळच्या गाडीला गेलो, मग तुम्हाला आणायला गेलो. आज पहाटेच्या गाडीलाही जाऊन आलो.

पाहुणी: म्हणजे मी गळाला लावलेलं गांडूळ.

यजमान: राग येणं साहजिक आहे.

पाहुणी: राग नाही आला. माझ्यासाठी कोणी गाडी पकडून येईल, असं वाटणारा माणूस फार वर्षांनी भेटला. का गेल्या पण?

यजमान: मी हं म्हणालो.

पाहुणी: एवढ्यावरून?

यजमान: एवढंच म्हणायचो, म्हणून. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, तेव्हा घर फार शांत झालं म्हणाली आणि जेवताना वाचून दाखवायला लागली. रोज दोन-चार पानं. दुकानातून येतो तेव्हा माझ्या डोक्यात नंबर फिरत असतात, कोणाची काच घासायची राहिली, कोणाची दांडी बसवायची राहिली. ती वाचायची, मी हं म्हणायचो. मला वाटायचं तिला वाचायला आवडतं, मला जेवायला आवडतं, मजेत चाललंय. सहा वर्षं चाललं असं.

पाहुणी: मग?

यजमान: मग एका आठवड्यात तिने चार दिवस तेच पान वाचलं. सोमवार ते गुरुवार, तेच ते. मला पत्ता नाही. चारही दिवस हं. शुक्रवारी त्याच आवाजात, त्याच लयीत वाचलं, की मी रविवारी सकाळच्या गाडीने बहिणीकडे जाते आहे, परत यायचं नाही असं ठरवलं आहे, सिलिंडर भरून घेतला आहे, दुधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगितलं आहे.

पाहुणी: आणि तुम्ही?

यजमान: हं म्हणालो. भाजीत मीठ कमी आहे, असंही म्हणालो.

पाहुणी: अरे देवा.

यजमान: रविवारी दाराशी बॅग दिसली. विचारलं, कुठे निघालीस. तेव्हा तिने सगळं सांगितलं, सोमवारपासूनचं. उभ्या उभ्या, आवाज न चढवता. त्या दिवशी मात्र शब्दन् शब्द ऐकला मी. आजही म्हणून दाखवीन.

पाहुणी: नको.

यजमान: बाई, माझं एक काम करा. तुम्हाला त्यासाठीच मागून घेतलं म्हणा ना. ती नाही आली तर निदान हे. मला ते पान सापडत नाही.

पाहुणी: कुठलं पान?

यजमान: चार दिवस वाचलं ते. सातही पुस्तकं वाचली मी, दोन-दोनदा. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचतो. जिथे जिथे वाटलं तिथे चिठ्ठी घातली. ही बघा. ती बाई नवऱ्याला स्टेशनवर विसरून पुढे निघून जाते, ते असेल का? की आई मुलाचं जुनं पांघरूण उसवते ते? की नर्स रात्रपाळीत एकटीच मोठ्याने बोलते ते? तुम्ही लिहिलंय, तुम्हाला कळेल. नवऱ्याला चार दिवस वाचून दाखवावं असं कुठलं?

पाहुणी: नर्सचं मलाच आठवत नाही.

यजमान: तिसऱ्या पुस्तकात आहे. पान एकशे बारा.

पाहुणी: तुम्हाला ते पान कशाला हवंय आता?

यजमान: त्यात काहीतरी सांगत असणार ती. सरळ सांगता आलं नाही, म्हणून वाचून सांगितलं. ते काय होतं ते कळलं, तर तिला पत्रात लिहिता येईल की कळलं. नुसतं माफ कर, माफ कर असं किती वेळा लिहू? पाच पत्रं झाली. एकाचंही उत्तर नाही. फोन केला तर बहीण उचलते आणि बाहेर गेलीय म्हणते. मागून हिचा खोकला ऐकू येत असतो.

पाहुणी: त्यांनाच विचारायला हवं.

यजमान: तुमचा फोन घेईल ती.

पाहुणी: मी दुसऱ्याच्या संसारात पडत नाही. माझ्या स्वतःच्यातही वेळेवर पडले नाही, म्हणून तो राहिला नाही.

यजमान: मग राहू द्या. अकराला तुमचं सत्र आहे, आता नऊ वाजलेत. चहा टाकतो.

पाहुणी: एक सांगू? हॉलमध्ये वाचायला लागले ना, की पाचव्या-सहाव्या ओळीला मला कळतं कोण ऐकत नाही. कोणी पंख्याकडे बघत असतो, कोणी मनातल्या मनात घरी पोचलेला असतो. कळतं, लागतंही, तरी मी वाचत राहते. घरी वाचलं तर तेवढंही कोणी नसतं. घरी मी मोठ्याने वाचत नाही, चमत्कारिक वाटतं. तुमच्या बायकोने सहा वर्षं वाचलं, मला सहा दिवस जमलं नसतं. द्या तो नंबर. आणि तुम्ही मागच्या दारी जाऊन उभे राहा. कान लावायचा नाही.

यजमान: आत्ता कान लावायची बंदी. बरोबर आहे.

(यजमान मागच्या दाराबाहेर जातात. पाहुणी फोन लावते. दोनदा बहीण उचलते, मग आवाज बदलतो.)

बायको: कोण बोलतंय?

पाहुणी: तुमच्या घरून बोलते आहे. कार्यक्रमपत्रिकेवर ज्या नावाखाली रेघ मारली आहे, ती मी.

बायको: अगंबाई. खरंच उतरलात आमच्याकडे? मला वाटलं ह्यांची थाप. उशी पातळच दिली असेल. कपाटाच्या वरच्या फळीवर जाड आहे, ती मागून घ्या. आणि खिडकी नीट लागत नाही, खाली कागदाची घडी लावावी लागते.

पाहुणी: लागली रात्री. पुस्तकांच्या जाहिरातीचीच लावली. तुम्ही आला असतात तर बरं वाटलं असतं.

बायको: मलाही वाटलं असतं, ताई. पत्रिका आली त्या दिवशी साडी काढून ठेवली होती. मग आत ठेवली. मी आले असते तर दोन दिवस हे माझ्या तोंडाकडे बघत बसले असते. तुमची पाठ वळली की पुन्हा नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. ह्यांना मी ओळखते. माणूस वाईट नाही. कधी हात उगारला नाही, कधी वाकडं बोलला नाही. वाकडं बोलण्याइतकं तरी लक्ष द्यायला हवं होतं.

पाहुणी: तुम्ही गेल्यावर त्यांनी माझी सातही पुस्तकं वाचली.

बायको: कोणी?

पाहुणी: त्यांनी. दोन-दोनदा. कुठल्या पानावर काय आहे ते मला सांगतात. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बायको: सातही?

पाहुणी: हो.

बायको: वरातीमागून घोडं.

पाहुणी: तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं मला.

बायको: नाही वाटलं. राग आला, खरं सांगते. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की ह्यांना ते जमतच नाही, काही माणसांचा कान तसाच असतो, त्याला कोण काय करणार. म्हणजे जमत होतं. मी समोर बसले होते तेव्हा नको होतं, एवढंच.

पाहुणी: ते पान शोधतायत, चार दिवस वाचलेलं. त्यात तुम्ही काहीतरी सांगत होतात असं त्यांना वाटतं. कुठलं होतं?

बायको: कुठलंच नाही. अहो, ते तुमचं नव्हतंच. पाणी शुद्ध करायचं यंत्र घेतलं होतं ना नवीन, त्याचं माहितीपत्रक. पुस्तकात घालून वाचलं चार दिवस. यंत्र भिंतीवर बसवताना घ्यावयाची काळजी. सातत्याने गळती आढळल्यास. तुमचं चांगलं पान वाया घालवायचं माझ्या जिवावर आलं.

पाहुणी: आणि ते चारही दिवस हं म्हणाले.

बायको: तिसऱ्या दिवशी तर छान आहे म्हणाले.

पाहुणी: हसू नये, पण.

बायको: हसा. मीही हसले होते त्या दिवशी, स्वयंपाकघरात जाऊन. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही.

पाहुणी: हे सांगू त्यांना?

बायको: सांगा. नाहीतर शोधतच बसतील बिचारे. मी सांगायला गेले तर कुठेतरी मध्येच विरघळेन. आणि म्हणावं की... नाही, काही म्हणू नका.

पाहुणी: तिथे बरं आहे?

बायको: बहीण आणि भाऊजी टीव्ही बघतात. मी काही बोलले तर आवाज मोठा करतात. इथेही माझं कोणी ऐकत नाही, ताई. पण इथे मी कोणाची बायको नाही, म्हणून लागत नाही. दिवेलागणीला जरा जड जातं. मग पुढचं काम निघतं. आज काय वाचणार तुम्ही?

पाहुणी: नवीन कथा. अजून कुठे छापलेली नाही.

बायको: सुरुवात तरी वाचा ना. दोन ओळी.

पाहुणी: फोनवर?

बायको: जवळपास कोणी नाही माझ्या. वाचा.

पाहुणी: थांबा, चष्मा लावते. "त्या दिवशी टपाल आलं नाही. तिने कालचं पत्र पुन्हा पाकिटात घातलं, कडेला डिंक लावला, वाळू दिला आणि दुपारी पोस्टमनच्या वेळेला ते फोडलं. पहिल्या ओळीपाशीच तिला वाटलं, आज अक्षर जरा घाईचं आहे." आहात का तुम्ही?

बायको: आहे. हं म्हणायची भीती वाटते मला.

पाहुणी: म्हणा हो. तुम्ही म्हटलेलं कळतं.

बायको: हं. आता ठेवते. बहीण बघतेय. जाड उशी घ्या.

यजमान: येऊ का आत? बोलण्याचा आवाज थांबला म्हणून आलो. शब्द ऐकले नाहीत.

पाहुणी: या.

यजमान: येते म्हणाली?

पाहुणी: नाही.

यजमान: उद्याच्या समारोपाला? दुपारची एक गाडी आहे.

पाहुणी: उद्या नाही आणि पुढेही नाही. मला गोड करून सांगता येतं, धंदाच आहे माझा. पण तुम्हाला आणखी चार महिने गाड्या बघायला लावणं बरं नाही.

यजमान: नीट बोलली का तुमच्याशी?

पाहुणी: फार छान बोलल्या. साडी काढून ठेवली होती म्हणाल्या, मग परत आत ठेवली.

यजमान: कुठली साडी?

पाहुणी: ते नाही विचारलं.

यजमान: नाही, सहज. रागावली आहे का अजून?

पाहुणी: आहेत. आज जरा जास्त. पुस्तकं वाचलीत हे सांगितलं, म्हणून.

यजमान: ते सांगायला नको होतं का?

पाहुणी: मला वाटलं होतं, त्याने बरं वाटेल. माझं चुकलं. त्या म्हणाल्या, म्हणजे जमत होतं त्यांना.

यजमान: बरोबर आहे तिचं. पान विचारलंत?

पाहुणी: विचारलं. तुम्ही बसा आधी.

यजमान: बसलोय. सांगा.

पाहुणी: ते माझं पान नव्हतं. कुठल्याच पुस्तकातलं नव्हतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं माहितीपत्रक पुस्तकात घालून वाचलं त्यांनी. चारही दिवस. त्यात काही सांगायचं नव्हतं. तुम्ही ऐकता की नाही, एवढंच बघायचं होतं.

यजमान: स्वयंपाकघरात आहे तेच यंत्र?

पाहुणी: तेच असेल.

यजमान: मी कधी विचारलं नाही ते कधी आणलं. पाणी येतंय ना, झालं. म्हणजे या चिठ्ठ्या सगळ्या फुकट.

पाहुणी: माझ्या दृष्टीने नाहीत. इतकं नीट मला आजवर कोणी वाचलेलं नाही. समीक्षकांनी नाही, माझ्या माणसांनी तर नाहीच. तुम्ही पान एकशे बारा म्हणालात तेव्हा मला भरून आलं होतं, दाखवलं नाही.

यजमान: खरं सांगू, बाई? पहिली दोन पुस्तकं मी नुसती पान शोधायला वाचली. काही कळलं नाही. तिसऱ्यात ती नर्स आली, रात्रपाळीत रिकाम्या खाटेशी बोलते ती, आणि मी वाचता वाचता मान वर केली, हिला सांगायला, की अगं, ऐक, काय लिहिलंय बघ. समोर कोणी नव्हतं. दुकानात मी एकटा, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तेव्हा कळलं, सहा वर्षं ती वाचता वाचता मान वर करायची तेव्हा तिला समोर काय दिसत होतं. तक्ताच. बोलणारा तक्ता, हं म्हणणारा.

पाहुणी: हे लिहा त्यांना. माफ कर लिहू नका, हे लिहा.

यजमान: वाचेल?

पाहुणी: मला नाही माहीत. परत येतील म्हणून लिहू नका. झालं ते त्यांना कळावं, म्हणून लिहा.

यजमान: बरं. तुम्ही तयार व्हा. दहा वाजत आले. मी एक फोन करून घेतो.

पाहुणी: पुन्हा त्यांना?

यजमान: नाही, ग्रंथपालबाईंना. हॅलो, मी चष्मेवाला. हो, बाई उठल्या, चहा झाला, येतोच आहोत आम्ही. एक काम होतं. यजमानांना पहिल्या रांगेत जोडीने बसवता ना तुम्ही, खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून? आमच्यातली एक चिठ्ठी काढून घ्या. नाही, उशिरासुद्धा नाही यायची. नाही हो, गुडघ्याचं काही नव्हतंच. मला सोडून गेलीय ती. चार महिने झाले. नाही, तुमची काही चूक नाही, फॉर्मवर मीच खोटं लिहिलं. नियम माहीत आहे मला. बाईंना दुसरीकडे हलवायचं तर मी सामान आणून देतो.

पाहुणी: मी कुठे हलणार नाही म्हणावं. जाड उशी आजच कळली आहे.

यजमान: बाई म्हणतात, त्या इथेच राहतील. हो. हो, ठीक आहे मी. नाही, कोणाला बसवू नका शेजारी, ती खुर्चीच उचलून घ्या. हो. एकच ठेवा.